वर्षअखेरच्या सेलमध्ये व्हिडिओ गेम स्वस्तात कसे घ्यावेत: पुणेकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

वर्षअखेरच्या सेलमध्ये पैसे वाचतात ते सेल लागण्याआधी केलेल्या तयारीमुळे. एकदा सेल सुरू झाला की हजारो गेमवर ७५ टक्के, ८० टक्के, ९० टक्के असे आकडे झळकायला लागतात आणि माणूस गेम घ्यायचं सोडून सूट विकत घेत सुटतो. जानेवारीत बघावं तर खात्यात नव्या गेमचा ढीग आणि त्यातले निम्मे इन्स्टॉलही केलेले नाहीत. कॉलेजात शिकणारा माझा भाचा आणि त्याचे मित्र, आयटीतले माझे सोबती, मुलाने हट्ट धरला म्हणून पहिल्यांदाच या वाटेला आलेले सोसायटीतले आई-बाबा, सगळे नोव्हेंबर उजाडला की तेच प्रश्न विचारतात. त्यांना जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितो आहे. पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स, तिन्हींसाठी ते उपयोगी पडेल.

पहिली पायरी: यादी

दिवाळीचा फराळ संपला की यादीला लागा. स्टीम आणि एपिक (पीसी गेमची ऑनलाइन दुकानं), प्लेस्टेशन स्टोअर, एक्सबॉक्स, सगळीकडे विशलिस्टची, म्हणजे हव्या असलेल्या गेमच्या यादीची, सोय आहे. मनातले गेम तिथे टाकून ठेवले की भाव उतरल्याची सूचना ईमेलवर किंवा ॲपवर येते. यादी छोटी ठेवा. पन्नास नावं झाली की त्या सूचनांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आठ-दहा नावं पुरेत.

प्रत्येक नावासमोर दोन गोष्टी लिहा. पहिली, हा गेम मी येत्या दोन महिन्यांत खरंच खेळणार आहे का? रोज हिंजवडीहून रात्री आठला दमून घरी पोचणाऱ्या माणसाला शंभर तासांचा एक रोल-प्लेइंग गेम उन्हाळ्यापर्यंत पुरतो. त्याने तसले तीन एकदम घेण्यात काहीच अर्थ नाही, कारण तो पहिला संपवेपर्यंत उरलेल्या दोघांचे भाव आणखी उतरलेले असतात. दुसरी गोष्ट, या गेमसाठी मी जास्तीत जास्त किती रुपये देईन? हा आकडा सेलच्या आधी, डोकं शांत असताना लिहायचा आणि मग त्याला चिकटून राहायचं. या सगळ्या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा.

पीसीवर खेळणाऱ्यांनी याच वेळी आपलं मशिन तपासावं. प्रत्येक गेमच्या पानावर किमान आणि शिफारस केलेली, अशा दोन गरजा दिलेल्या असतात. किमान गरजेवर गेम नुसता चालतो, खेळायला मजा येईलच असं नाही. हार्ड डिस्कवर जागा किती आहे तेही बघा. हल्लीचे मोठे गेम सहज १०० जीबी खातात, आणि गेम स्वस्तात मिळवून मग टिळक रोडवर नव्या एसएसडीला चार-पाच हजार मोजले तर बचत कसली?

दुसरी पायरी: आजवरचा सर्वांत कमी भाव शोधणे

लक्ष्मी रोडवर साडी घेताना आई चिठ्ठीवरचा मूळ भाव बघत नाही, मागच्या वेळी शेजारच्या काकूंना ती केवढ्याला मिळाली ते आठवते. गेमच्या बाबतीत ही आठवण ठेवायचं काम काही वेबसाइट फुकटात करतात. स्टीमडीबीवर कुठल्याही गेमचं पान उघडा. भारतातला आजचा भाव, आजवरचा सर्वांत कमी भाव आणि तो कोणत्या तारखेला होता, सगळं समोर येतं. खाली आलेख असतो. त्यात भाव दर वर्षी कधी आणि किती खाली जातो याच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात.

इज देअर एनी डील आणि जीजी डील्स या दोन साइट अनेक दुकानांतले भाव एकत्र दाखवतात. तिथे गेल्यावर आधी देश भारत निवडा, नाहीतर डॉलरचे भाव दिसतील आणि हिशोब चुकेल. स्टीमवर नोव्हेंबर २०१५ पासून रुपयात भाव आहेत आणि बऱ्याच कंपन्या भारतासाठी वेगळा, कमी भाव ठेवतात. म्हणून परदेशातल्या मित्राने सांगितलेला 'झकास' भाव इथे महागही असू शकतो.

आता हे वाचायचं कसं ते बघू. समजा एका गेमचा मूळ भाव २,९९९ रुपये आहे. सेलमध्ये ६० टक्के सूट, म्हणजे १,२०० रुपये. सूट मोठी वाटते. पण आलेखात दिसतं की गेल्या वर्षभरात तो तीन वेळा ७५ टक्के सुटीवर, म्हणजे ७५० रुपयांना, मिळत होता. मग आज १,२०० ला तो घ्यायची घाई कशाला? उलट दुसऱ्या गेमवर फक्त ३० टक्के सूट आहे, पण तो सहा महिन्यांपूर्वीच आलाय आणि हा त्याचा आजवरचा सर्वांत कमी भाव आहे. तो तुमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असेल तर बिनधास्त घ्या. टक्के बघून निर्णय घेऊ नका, रुपये आणि आलेख बघून घ्या.

मोठ्या गेमची उतरंड बरीचशी ठरलेली असते. पहिल्या काही महिन्यांत २० ते ३० टक्के, वर्षभराने निम्म्याच्या आसपास, दोन-तीन वर्षांनी ६० ते ७५ टक्के. दरवर्षी नवी आवृत्ती निघणाऱ्या खेळांच्या गेमची घसरण याहून वेगवान असते. फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा गेम सप्टेंबरमध्ये पूर्ण भावाने घेणाऱ्याला नोव्हेंबरअखेर तोच निम्म्यात दिसला तर नवल नाही.

काही गेम मात्र कधीच उतरत नाहीत, आणि त्यांची वाट बघणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. फॅक्टोरिओ हे ठळक उदाहरण. तो बनवणाऱ्या वुब सॉफ्टवेअरने सेल लावायचाच नाही असं जाहीर धोरण ठेवलंय, आणि जानेवारी २०२३ मध्ये तर त्यांनी भाव ३० डॉलरवरून ३५ डॉलर केला. निन्टेन्डोचे स्वतःचे गेमही वर्षानुवर्षं जवळपास त्याच भावाला राहतात. शिवाय निन्टेन्डोचं अधिकृत ई-शॉप भारतात नाही, त्यामुळे इथले स्विच हा निन्टेन्डोचा कन्सोल वापरणारे दुसऱ्या देशाच्या खात्यावर किंवा आयात केलेल्या कार्ट्रिजवर अवलंबून असतात. त्यांना सेकंड हॅन्ड कार्ट्रिज हाच खरा स्वस्त मार्ग.

इथे एक शिफारस केल्याशिवाय राहवत नाही. यादीत पुण्याचा एक गेम ठेवा. राजी: ॲन एन्शन्ट एपिक हा पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला गेम २०२० मध्ये आला, आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन होतं. आपल्या पुराणकथा, राजस्थानी वास्तुकला, भिंतींवरची चित्रं, आणि हे सगळं आपल्या शहरातल्या मुलामुलींनी उभं केलेलं. गेम छोटा आहे, दोन-तीन संध्याकाळी संपतो. सुट्टीला अगदी योग्य.

तिसरी पायरी: तारखा आणि घड्याळ

नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडे येतो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा हा शुक्रवार. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सची दुकानं तेव्हा मोठा सेल लावतात. मग डिसेंबरच्या मध्यानंतर, पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाचे दिवस येतात त्याच्या आगेमागे, दुसरी लाट येते. स्टीमचा विंटर सेल, एपिकचा हॉलिडे सेल, एक्सबॉक्सचा काउंटडाउन सेल आणि प्लेस्टेशनचा वर्षअखेरचा सेल, सगळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपासपर्यंत चालतात. २०२५ चा स्टीम विंटर सेल १८ डिसेंबरला लागला आणि ५ जानेवारीपर्यंत होता. स्टीमचा ऑटम सेल पूर्वी नोव्हेंबरअखेर असायचा, २०२५ मध्ये तो सप्टेंबरअखेरीस सरकला. जुन्या सवयीने नोव्हेंबरात स्टीमकडे डोळे लावून बसू नका.

वेळेचं गणित लिहून ठेवा. स्टीमचे सेल अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी १० वाजता सुरू होतात आणि त्याच वेळी संपतात. हिवाळ्यात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ११:३० वाजलेले असतात. पहिल्या काही मिनिटांत इतकी गर्दी होते की पानं उघडत नाहीत, पैसे भरताना अडकायला होतं. जागरण करायची काहीच गरज नाही. २०१५ पर्यंत स्टीमवर काही तासांपुरत्या झटपट सवलती असायच्या आणि लोक गजर लावून उठायचे. त्या बंद झाल्या. आता जो भाव पहिल्या रात्री तोच साधारणपणे शेवटच्या दिवशीपर्यंत असतो.

विद्यार्थ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. डिसेंबर म्हणजे पुणे विद्यापीठाच्या कितीतरी अभ्यासक्रमांच्या सत्र परीक्षा. सेल पहिल्या दिवशी बघितला नाही म्हणून काहीही हातचं जात नाही. शेवटचा पेपर टाकून या आणि मग घ्या.

चौथी पायरी: पैसे भरायची तयारी

स्टीमवर यूपीआय, नेट बँकिंग, कार्ड सगळं चालतं. अडचण येते ती परदेशी साइटवर. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठी मुळात बंदच असतं, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावं लागतं. चालू करताना मर्यादाही घाला, दोन-तीन हजारांची पुरते, आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करा.

जीओजीसारख्या दुकानात भाव डॉलरमध्ये असतात, तिथे बँकेचा परकीय चलनाचा अधिभार धरायला विसरू नका. तो बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के असतो आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १,००० रुपयांच्या गेमवर साडेतीन टक्क्यांनी साधारण ४१ रुपये जास्त. फार नाही, पण दोन दुकानांत तीस रुपयांचाच फरक असेल तर निर्णय उलटा फिरतो.

व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाच्या स्वस्त भावात घ्यायचा मोह टाळा. स्टीमच्या नियमात ते बसत नाही आणि खात्यावर बंदी आली तर आजवर घेतलेलं सगळंच अडकतं. आपल्याकडचे भाव मुळातच बरे आहेत.

पाचवी पायरी: सेल लागल्यावर

दुकानाचं मुखपृष्ठ उघडू नका, थेट विशलिस्ट उघडा. ती सवलतीप्रमाणे लावता येते, पण तुम्ही भावाप्रमाणे लावा. आपण लिहिलेला आकडा आणि समोरचा भाव ताडून बघा. भाव आकड्याइतका किंवा खाली असेल तर कार्टमध्ये, वर असेल तर पुढे चला. अर्ध्या तासात काम होतं. उरलेला वेळ हवा तर भटकण्यात घालवा, पण भटकताना आवडलेलं काहीही त्या दिवशी घेऊ नका, विशलिस्टमध्ये टाका आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. सेल पळून जात नाही.

एकाच गेमच्या तीन-तीन आवृत्त्या असतात तिथे जरा थांबून वाचा. मूळ गेम ३०० रुपयांना दिसतो, पण त्याचे दोन मोठे विस्तार (मूळ गेमला जोडायचे नवे भाग) प्रत्येकी ६०० ला आणि सगळं एकत्र असलेली संपूर्ण आवृत्ती ८०० ला. विस्तार हवेच असतील तर संपूर्ण आवृत्ती घ्या. नुसते कपडे, शस्त्रांचे रंग, संगीताचा अल्बम असला ऐवज भरून महाग केलेली डिलक्स आवृत्ती बहुतेकांच्या काही कामाची नसते. स्टीमवर काही बंडल, म्हणजे एकत्र विकले जाणारे गेमचे संच, असे असतात की त्यातले तुमच्याकडे असलेले गेम वजा करून उरलेल्यांचेच पैसे लागतात आणि बंडलची सूट वर मिळते. मालिकेतले दोन भाग आधीच घेतले असतील तर सुटा तिसरा घेण्यापेक्षा हे कधी कधी स्वस्त पडतं.

पैसे भरण्याआधी शेवटचं एक बघा. तो गेम एक्सबॉक्सच्या गेम पास किंवा प्लेस्टेशनच्या प्लेस्टेशन प्लस या वर्गणीच्या संग्रहात आहे का? घरात आधीच वर्गणी चालू असेल तर विकत घ्यायची गरज नाही. मात्र वर्गणी थांबली की त्यातले गेमही थांबतात, आणि कंपनी मधूनच गेम काढूनही टाकते. वर्षानुवर्षं परत परत खेळाल असा गेम असेल तर विकतच घ्या. भारतात प्लेस्टेशन प्लसचे इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि डिलक्स असे तीन स्तर आहेत, आणि सवलतीत येणारे जुने गेम खेळायला बहुतेकांना एक्स्ट्रा पुरतो.

फुकटचे गेम

एपिकने डिसेंबर २०१८ मध्ये दुकान उघडलं आणि तेव्हापासून ते फुकट गेम वाटत आलं आहे. वर्षभर दर आठवड्याला, आणि डिसेंबरच्या सुट्टीच्या दिवसांत बऱ्याच वर्षी रोज एक. हा रोजचा गेम हिवाळ्यात आपल्याकडे रात्री ९:३० ला बदलतो. एकदा खात्यात घेतला की तो कायमचा तुमचा. यासाठी मोबाइलवर रोजची आठवण लावून ठेवा, जेवणं झाली की एक मिनिटाचं काम. आणि याचा एक छुपा फायदा आहे: जो गेम तुम्ही ४०० रुपयांना घेणार होता तोच तिथे फुकट येऊ शकतो. म्हणून जुने, लहान गेम सेलच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांसाठी राखून ठेवावेत.

डिस्क घेणार असाल तर

पुण्यात हा पर्याय अजून जिवंत आहे आणि कन्सोलवाल्यांनी (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स) तो सोडू नये. मॉलमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानांत वर्षअखेरीस साठा मोकळा करायला डिस्कचे भाव पाडतात. शहरात जुन्या डिस्क विकणारी आणि बदलून देणारी छोटी दुकानंही आहेत. डिजिटल गेम विकता येत नाही, डिस्क विकता येते, आणि सगळा हिशोब इथे बदलतो. प्लेस्टेशन स्टोअरवर गेम १,५०० ला आहे आणि डिस्क २,००० ला. डिस्क महाग वाटते. पण महिन्याभरात गेम संपवून ती १,३०० ला विकली तर खर्च ७०० रुपयांचाच झाला. कथा असलेले, एकदा खेळून संपणारे गेम डिस्कवर, आणि मित्रांबरोबर वर्षभर खेळायचे गेम डिजिटल, असा साधा नियम ठेवा.

आधी कन्सोल ओळखा. डिस्क ड्राइव्ह नसलेल्या पीएस५ मध्ये डिस्क चालत नाही. पीएस४ ची डिस्क ड्राइव्हवाल्या पीएस५ वर चालते, पीएस५ ची डिस्क पीएस४ वर चालत नाही. घरी पीएस४ असताना पीएस५ ची डिस्क भेट म्हणून आली, असं सोसायटीत घडलेलं मी पाहिलंय. पॅक फुटल्यामुळे दुकानदाराने ती परत घेतली नाही.

जुनी डिस्क घेताना ती हातात घेऊन बघायलाच हवी. चमकती बाजू वर करा, ट्यूबलाइटखाली तिरकी धरा आणि कडेला बोटं ठेवून हळूहळू फिरवा. मध्यापासून कडेकडे जाणारे बारीक ओरखडे फारसा त्रास देत नाहीत. कडेला समांतर, गोलाकार गेलेला ओरखडा मात्र वाईट, कारण लेझरची वाटही तशीच गोल जाते आणि सलग बराच डेटा त्या रेघेखाली येतो. या डिस्क ब्लू-रे जातीच्या असतात. त्यात डेटाचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर खाली असतो. वरचा कडक लेप किरकोळ घासण्याला दाद देत नाही, पण एकदा खोल ओरखडा गेला की सीडीसारखं पॉलिश करून भागत नाही. मधल्या भोकाभोवती केसाएवढी चीर दिसली तर डिस्क परत ठेवा, भाव कितीही पाडून मिळत असला तरी. आणि दुकानात कन्सोल असेल तर दादांना ती लावून दाखवायला सांगा. पहिला स्क्रीन आला म्हणजे झालं असं नाही, इन्स्टॉल थोडं पुढे सरकू द्या, कारण खराब डिस्क तिथे अडकते.

डबी उघडून आत डिस्कच आहे ना हेही बघा. काही डब्यांत, विशेषतः पीसी गेमच्या, फक्त कोड छापलेला कागद असतो. सेकंड हॅन्ड घेतलात तर तो कोड आधीच वापरलेला, म्हणजे हातात रिकामी डबी. नव्या सीलबंद डबीवर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त कुणी मागितले तर देऊ नका. ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

अनोळखी माणसाकडून घेणार असाल तर मेट्रो स्टेशनसारख्या गजबजलेल्या जागी भेटा आणि वस्तू हातात आल्यावरच पैसे द्या. तुम्ही विकत असाल तर एवढं पक्कं लक्षात ठेवा: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. 'हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील' असं म्हणणारा हटकून फसवतोय.

स्वस्त 'की' (गेमचे कोड) विकणाऱ्या साइट

सेलच्या दिवसांत कुणीतरी एखादी लिंक पाठवतं आणि तिथे सगळ्या दुकानांपेक्षा निम्म्यात स्टीमची 'की', म्हणजे खात्यात टाकून गेम मिळवायचा कोड, मिळत असते. इथे दोन जाती वेगळ्या करायला हव्यात. हम्बल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग ही दुकानं थेट गेम कंपन्यांकडून की घेतात. ती चालतील, फक्त की भारतात चालू होईल ना ते पानावर वाचून घ्या. दुसरी जात खुल्या बाजारासारखी असते, तिथे कुणीही की विकायला ठेवतं. ती की कुठून आली ते तुम्हाला कळायला मार्ग नसतो. मे २०२० मध्ये जीटूए या बाजाराने स्वतःच मान्य केलं की फॅक्टोरिओच्या चोरीच्या १९८ की तिथून विकल्या गेल्या होत्या, आणि वुबला सुमारे ४० हजार डॉलर भरून दिले. चोरलेल्या कार्डाने घेतलेली की कंपनीला कळली की रद्द होते आणि गेम तुमच्या खात्यातून जातो. छोट्या स्टुडिओला तर दुहेरी फटका, विक्री बुडते आणि कार्डवाल्याचे पैसेही परत करावे लागतात. दोनशे रुपये वाचवायला हे करू नये असं मला मनापासून वाटतं. इज देअर एनी डीलवर मुख्यतः अधिकृत दुकानंच असतात. जीजी डील्सवर अधिकृत दुकानं आणि की-बाजार वेगळे दाखवलेले असतात, तिथे अधिकृतवालाच रकाना बघा.

घरात दोघं-तिघं खेळत असतील तर

स्टीम फॅमिलीज ही सोय सप्टेंबर २०२४ पासून सर्वांना खुली झाली. एका घरातले सहा जणांपर्यंत सभासद एकमेकांचे गेम खेळू शकतात, आणि दादा एक गेम खेळत असताना ताई त्याच्या खात्यातला दुसरा गेम खेळू शकते. एकच गेम दोघांना एकाच वेळी हवा असेल तरच दोन प्रती लागतात. म्हणून सेलच्या आधी भावंडांनी एकत्र बसून याद्या जुळवाव्यात. दोघांच्याही यादीत असलेले गेम एकदाच घ्यावे लागतात, हीही मोठीच बचत. सगळेच गेम यात येत नाहीत, दुकानाच्या पानावर तशी नोंद असते.

आई-बाबांसाठी यात आणखी एक चांगली गोष्ट आहे. मुलाचं खातं कुटुंबात मुलाचं म्हणून जोडलं की तो कार्ट भरून तुमच्याकडे विनंती पाठवतो आणि पैसे तुम्ही भरता. कार्ड त्याच्या खात्यात साठवायची गरजच पडत नाही. कुठला गेम त्याच्या वयाला योग्य हेही बघता येतं, कोणते गेम त्याला दिसावेत हेही ठरवता येतं. मूल पहिल्यांदाच काही मागत असेल तर त्याच्याबरोबर बसून त्या गेमचा दहा मिनिटांचा खेळतानाचा व्हिडिओ बघा. जाहिरातीच्या झलकेपेक्षा त्यातून खूप कळतं.

शेवटची पायरी: डाउनलोड आणि परतावा

१०० एमबीपीएसच्या फायबर जोडणीवर १०० जीबीचा गेम उतरायला उत्तम वेग मिळाला तरी सव्वादोन तास लागतात. स्टीमचे मोठे सेल बहुधा गुरुवारी लागतात आणि पुण्यात देखभालीसाठी वीज जायचा वारही गुरुवारच. मध्येच वीज गेली तरी उतरलेला भाग वाया जात नाही, पुढून सुरू होतो. हॉस्टेलवर किंवा फ्लॅटमध्ये चौघं मिळून एकच वायफाय वापरत असाल तर रात्री लावून झोपा.

परताव्याचे नियम प्रत्येक दुकानात निराळे आहेत. स्टीम आणि एपिकवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर कारण न विचारता पैसे परत मिळतात. जीओजीवर ३० दिवस, खेळला असला तरी. प्लेस्टेशनवर १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलं की हक्क गेला. म्हणून तिथे खरेदीनंतर डाउनलोड आपोआप सुरू होणार नाही अशी सेटिंग आधीच करून ठेवा.

स्टीमचा एक नियम फार कमी लोकांना माहीत असतो. तुम्ही गेम घेतला आणि दोन-चार दिवसांत त्याचा भाव पडला, तर तो परत करून लगेच कमी भावात पुन्हा घेता येतो. याला आम्ही गैरवापर समजत नाही, असं त्यांनी आपल्या नियमांतच लिहिलंय. १४ दिवस आणि दोन तासांची अट इथेही आहे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात काही घेतलं असेल तर सेल लागल्या लागल्या त्याचा भाव तपासा.

आणि घेतलेला प्रत्येक गेम त्याच आठवड्यात एकदा सुरू करून बघा. मशिनवर नीट चालतो का, हात बसतो का, हे तासाभरात कळतं. जमत नसेल तर मुदतीच्या आत परत करा आणि रक्कम स्टीम वॉलेटमध्ये (खात्यातली शिल्लक) घ्या. मार्चमध्ये स्प्रिंग सेल लागतो, तेव्हा यादीतला पुढचा गेम त्याच पैशांत येईल.